सुकरीच्या हातावरची माळ

सुकरी दवाखान्यात पहिल्यांदा आली ती एकोणीसशे त्र्याऐंशीच्या डिसेंबरात, बाजाराच्या दिवशी. नवरा पत्रू पुढे, ती मागे, आणि उजवा हात पदराखाली झाकलेला. चौदा किलोमीटर जंगलातून चालून आलेली ती दोघं व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली, ती दुपारचे दोन वाजेपर्यंत तशीच. नंबर आला तरी सुकरी उठेना. शेवटी केसरबाईनं दंडाला धरून तिला आत आणलं.

केसरबाई ही दवाखान्यातली दाई. मूळची गोंडपिपरीकडची, पन्नाशी उलटलेली. नवरा गेल्यापासून ती दवाखान्याच्या मागच्या खोलीतच राहत होती. माडिया बोली तोडकीमोडकी का होईना, पण येणारी तिथे ती एकटीच. दवाखाना सहा खाटांचा, एटापल्लीहून बसने दीड तासावर. गावात विजेच्या तारा आल्या होत्या. वीज मात्र मनाला येईल तेव्हा यायची.

डॉक्टर वैरागडेंनी पदर बाजूला केला आणि ते जरा थांबलेच. सुकरीच्या तर्जनीवर एक जखम होती, कडा जाड झालेली, मधून पाझरणारी. तिथून मनगटावरून थेट कोपरापर्यंत एकामागून एक सात गाठी. कोणी दोऱ्यात मणी ओवून हातावर ठेवावेत तशा सरळ रांगेत. त्यातल्या दोन फुटल्या होत्या.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"धान निसवला तवापासून," पत्रू म्हणाला. "टोपली विणताना बांबूची कामटी घुसली बोटात. काढली मी. पन जखम मिटलीच नाई. मंग एक गाठ आली. मंग तिच्यावर दुसरी."

बाजारातल्या एका फिरत्या इंजेक्शनवाल्यानं दोन सुया टोचल्या होत्या. गावातल्या जाणत्यानं पाला बांधला होता. कशाचाच गुण आला नव्हता.

सुकरी खालच्या आवाजात केसरबाईशी काहीतरी बोलली. केसरबाईचा चेहरा बदलला.

"काय म्हणते?"

"इचारते का महारोग हाये का म्हून. कोनी काई म्हटलं नाई तिले, पन तिनंच आपला द्रोण येगळा केला डॉक्टरसाहेब. लहान पोरीले जवळ घेत नाई दोन महिन्यांपासून."

डॉक्टरांनी टाचणी घेतली, सुकरीला डोळे मिटायला लावले आणि हातभर ठिकठिकाणी हलकेच टोचलं. प्रत्येक टोचणीला सुकरी हात आखडत होती.

"सांग तिला, महारोग नाही. महारोगात हे कळलं नसतं."

केसरबाईनं सांगितलं. सुकरीनं ऐकून घेतलं, पण पदर पुन्हा हातावर ओढला. नाही म्हणजे काय नाही, हे तिला कळलं. आहे काय, हे अजून कोणी सांगितलं नव्हतं.

ते सांगायचं काम आलं श्रावणकडे. श्रावण खोब्रागडे हा दवाखान्याचा तपासनीस, सव्वीस वर्षांचा. लोक त्याला काचवाला म्हणत, कारण येईल त्या तापकऱ्याच्या बोटाला टोचून तो रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. दिवसाला साठ-सत्तर काचा, सगळ्या हिवतापाच्या. घर सिंदेवाहीचं. वडील सोमाजी तिथल्या भात संशोधन केंद्रावर रोजंदारीनं कामाला होते. पोरगा दहावी झाला तेव्हा केंद्रातल्या साहेबांनी सुचवलं म्हणून सोमाजीनं त्याला नागपूरला तपासनिसाच्या अभ्यासक्रमाला घातलं. बौद्ध वस्तीतला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारा तो पहिलाच.

श्रावणनं फुटलेल्या गाठीतला द्रव काचेवर घेतला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. क्षयाचे लाल कण दिसतात का पाहिलं. नाहीत. दुसरी काच केली. तिसरी केली. सांगण्यासारखं काहीच हाती लागलं नाही.

"चामडीचा क्षय असावा," डॉक्टर म्हणाले. "तो काचेवर दिसेलच असं नाही. औषध सुरू करू, वर्ष-दीड वर्ष घ्यावं लागेल."

श्रावणच्या डोळ्यांपुढून मात्र ती रांग हलेना. कुठेतरी हे पाहिलं होतं. आणि मग आठवलं. नागपूरला अलोणे मॅडमनी एकदा फळ्यावर खडूनं एक हात काढला होता आणि बोटापासून कोपरापर्यंत टिंबं दिली होती. त्या दिवशी मागच्या बाकावरची मुलं हसली होती, मॅडमच्या चित्रातल्या हाताला सहा बोटं झाली म्हणून. सहा बोटांमुळेच ते चित्र त्याच्या लक्षात राहिलं होतं.

"साहेब, एक बोलू का?"

"बोल."

"ही बुरशी असू शकते. काट्यातून, कुडाच्या कामटीतून शिरणारी. मॅडमनी शिकवलं होतं. ती दोन रूपांत राहते. बाहेर पेंढ्यात, लाकडाच्या सालीत, मातीत असते तेव्हा धाग्याधाग्यांची, कापसासारखी. अंगात शिरली, अंगाची ऊब लागली, की धागे सोडून देते आणि सुटे बारीक कण होते."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "आणि कण झाले म्हणजे?"

"धागा शिरला तिथंच गुंतून बसला असता साहेब. कण हलते. अंगातल्या रसाच्या नळ्यांतून वर सरकते, आणि जिथं अडकते तिथं गाठ उठवते. म्हणून ही रांग. आणि अंगातल्या राखणदार पेशी आहेत ना, त्यांनी गिळलं तरी हा कण त्यांच्या पोटात जिवंत राहू शकते. रूप बदललं म्हणून तर तिला अंगात ठाव मिळते. अन् कण असतात फार थोडे, म्हणून काचेवर सापडत नाहीत."

डॉक्टरांनी सुकरीचा हात पुन्हा हातात घेऊन पाहिला. ते पस्तिशीचे होते, तीन वर्षांपासून तिथे एकटेच, आणि नवं काही ऐकलं की त्यांचा थकवा थोडा उतरायचा.

"असेल तर औषध सोपं आहे," ते म्हणाले. "पोटॅशियम आयोडाइडचे थेंब. कपाटात बाटली पडली आहे त्याची. पण श्रावण, हा क्षय निघाला आणि मी आयोडाइड पाजलं, तर दबलेला क्षय भडकू शकतो. नुसत्या अंदाजावर मी ते देणार नाही. मला पुरावा पाहिजे."

"बुरशी वाढवून दाखवतो."

"नुसती बुरशी नको. बुरशी काय, तुझ्या-माझ्या डब्यातल्या भाकरीवरही येते. गारव्यात धागा आणि उबेत कण, ही दोन्ही रूपं एकाच बुरशीची दाखव. मग देतो."

त्याच संध्याकाळी श्रावणनं मॅडमना पत्र लिहिलं. मॅडमना आपण आठवत असू का, याची त्याला खात्री नव्हती. नवव्या दिवशी एसटीच्या कंडक्टरनं लाकडी भुशात गुंडाळलेलं पार्सल आणून दिलं. आत बुरशी वाढवायच्या चार काचनळ्या. दोनांमध्ये साखरेची वडी, गारव्यातल्या रूपासाठी. दोनांमध्ये मेंदूच्या अर्काची वडी, उबेतल्या रूपासाठी. सोबत चिठ्ठी होती: "सहा बोटांचा हात तू विसरला नाहीस, हे वाचून फार बरं वाटलं. नळ्या जपून वापर, माझ्याकडेही एवढ्याच होत्या."

पुढच्या बाजाराला सुकरी आणि पत्रू पुन्हा आले. श्रावणनं गाठ स्वच्छ करून आतला द्रव घेतला, पहिल्या नळीत वडीवर रेघ ओढली आणि कापसाचा बोळा लावला. सुकरीला दुखलं असणार, पण तिनं हूं केलं नाही.

आठ दिवसांनी नळीत बुरशी आली. हिरवीगार, पावडर शिंपडल्यासारखी. श्रावणनं ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्याचं तोंड उतरलं. ही शिळ्या भाकरीवरची बुरशी होती. त्यानं बोळा काढला होता तो खिडकीशी, आणि त्याच वेळी बाहेर अंगण झाडणं चाललं होतं. धूळ आत गेली होती. चूक त्याची होती.

त्यानंतरच्या बाजाराला ती दोघं आली तेव्हा श्रावणनं त्यांना टाळलं नाही. केसरबाईला सोबत घेतलं आणि व्हरांड्यात त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"बाई, तिला सांगा का माझ्या हातून बिघडलं. माझी चूक झाली. पुन्हा घ्यावं लागेल. तसली एकच नळी उरली आहे. तुमचा भरवसा नसेल तर मी समजू शकतो."

केसरबाईनं सांगितलं. सुकरीनं मान वर केली. दवाखान्यात येऊन इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग पदर बाजूला करून हात पुढे केला आणि मोडक्या मराठीत स्वतःच म्हणाली, "घे दादा. चांगलं घे."

चौदा किलोमीटर यायचं, चौदा जायचं, तिसऱ्यांदा, आणि तेही त्याच्या हलगर्जीपणापायी. रागाचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला असता तर श्रावणला सोपं गेलं असतं. त्यानं खिडकी लावून घेतली, अंगणात कोणी झाडत नाही ना पाहिलं, दिव्याच्या ज्योतीवर तार लाल केली आणि श्वास रोखून दुसऱ्या नळीवर रेघ ओढली.

जाताना सुकरी केसरबाईला म्हणाली की चुलीशी बसून हात शेकला की दुखणं कमी होतं. केसरबाईनं ते सहज सांगितलं. श्रावणनं मात्र लिहून घेतलं, कारण मॅडमच्या वर्गातल्या टिपणात होतं: अंगाच्या उबेत ही बुरशी कण होऊन जगते, पण त्याहून जास्त उष्णता तिला सोसत नाही.

जानेवारीचा गारवा होता. तपासणीच्या खोलीत पहाटे हात काकडायचे, आणि बुरशीला तेच हवं होतं. पाचव्या दिवशी वडीवर दुधाच्या सायीसारखा ओलसर ठिपका आला. आठव्या दिवशी तो सुरकुतला. अकराव्या दिवशी कडेनं काळपट पडत गेला. श्रावणनं त्यातलं सुईच्या टोकाएवढं काचेवर घेतलं आणि पाहिलं. केसापेक्षा बारीक धागे, आणि धाग्यांच्या टोकाला शेवंतीच्या पाकळ्यांसारखे गोलाकार बसलेले बिंदू. मॅडमच्या फळ्यावर होते अगदी तसे.

तो धावतच डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"अर्धं झालं," ते म्हणाले. "आता उबेतलं दाखव."

श्रावणनं त्यातलं थोडं मेंदूच्या अर्काच्या नळीत घातलं, आणि इथेच गाडी अडली. उबेसाठी दवाखान्यात एक लाकडी पेटी होती, आत बल्ब लावलेली. पण त्या आठवड्यात वीज चार दिवस आलीच नाही. चुलीशी ठेवावं तर कधी चटका, कधी गार. श्रावण म्हणाला, नळी कापडात गुंडाळून मी पोटाशी बांधून ठेवतो, माणसाच्या अंगाइतकी ऊब दुसरीकडे कुठे मिळणार.

"वेडा आहेस का?" डॉक्टर चिडले. "झोपेत नळी फुटली तर तुझ्या पोटावर तीच माळ उठेल."

त्या दिवशी दुपारी श्रावण दवाखान्यामागे हात धुवायला गेला. केसरबाईच्या खोलीच्या पडवीत, फुटक्या टोपलीत तिची लाल कोंबडी अंड्यांवर बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, पिसं फुलवलेली. श्रावण ओले हात घेऊन तिथेच उभा राहिला.

"बाई, किती दिवस झाले हिला बसून?"

"चार झाले. काऊन गा?"

"जरा थर्मामीटर लावून पाहू का?"

"कोंबडीले ताप नाई आला पोरा!"

पण त्यानं थर्मामीटर कोंबडीच्या पोटाखाली, दोन अंड्यांच्या मध्ये सरकवला. कोंबडीनं मनगटावर चोच मारली. पाच मिनिटांनी काढून पाहिलं तर पारा शंभराच्या जरासाच खाली. संध्याकाळी पुन्हा पाहिलं, तेवढाच. सकाळी पाहिलं, तेवढाच. माणसाच्या अंगापेक्षा किंचित चढा, पण चालण्यासारखा. आणि रात्रंदिवस, विजेशिवाय.

त्यानं केसरबाईला सगळं समजावून सांगितलं. तिनं कमरेवर हात ठेवले.

"म्हंजे माही कोंबडी आता रोग उबवून राह्यली म्हन!"

"नळीचं तोंड मेणानं बंद करतो बाई. वरून कापड, वरून पत्र्याची डबी. अंड्यांना काही होणार नाही."

"आन डबी फुटली तं?"

"पत्र्याची डबी कोंबडीच्यानं फुटत नाही."

"अकरा अंडे हायेत माहे. बाराव्या अंड्यासारखं ठेवतोस काय?"

"बाराव्या अंड्यासारखंच."

केसरबाईनं टोपलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "ते सुकरी पोरीले जवळ घेत नाई ना अजून?"

"नाही."

"मंग ठेव. पन कोंबडीले मी उचलतो, तू नको. तुह्या हाताची तिले खुन्नस हाये."

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की व्हरांड्यातले पेशंट वळून पाहू लागले. हसणं संपल्यावर त्यांनी स्वतः मेणबत्ती पेटवून नळीचं तोंड बंद केलं, डबीला चिकटपट्टी लावली आणि वर लाल पेन्सिलीनं फुली मारली.

सहा दिवस श्रावणला चैन पडलं नाही. सहाव्या दिवशी केसरबाईनं कोंबडी उचलली, त्यानं डबी काढली, नळी उघडली, काच केली. काही धागे होते, काही कण. अर्धवट. एरवी तो खचला असता. पण मॅडमच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं होतं की बहुतेक वेळा पहिल्या खेपेला पूर्ण बदलत नाही. त्यातलंच थोडं दुसऱ्या नळीत घालून पुन्हा उबेत ठेवावं. शेवटची नळी उरली होती. त्यानं तसं केलं. डबी पुन्हा कोंबडीखाली गेली.

आणखी सहा दिवसांनी, जानेवारी सरता सरता, श्रावणनं शेवटची नळी उघडली. वडीवर आता कापूस नव्हता, सुरकुत्या नव्हत्या. लोण्यासारखा मऊ, पांढरट थर होता. काच केली. डोळा लावला. धागा एकही नाही. सगळीकडे सुटे सुटे लांबट कण, दोन्ही टोकांना निमुळते, कोणी बारीक बिड्या वळून टाकल्यासारखे. काहींच्या टोकाला फुटवा आलेला, नवा कण सुटायच्या बेतात. खोलीच्या गारव्यात जी शेवंतीची फुलं धरून बसली होती, तीच ही. सुकरीच्या हातातही ती अशीच राहत होती, अशीच एकेका गाठीनं वर चढत होती.

श्रावणनं डोळा काढला नाही. डॉक्टर मागे येऊन कधी उभे राहिले तेही त्याला कळलं नाही.

"सरक," डॉक्टर म्हणाले. पाहिलं. मग त्यांनी औषधाच्या कपाटाची किल्ली खिशातून काढली.

नळ्या त्यांनी कुकरमध्ये घालून अर्धा तास उकळल्या, बुरशीचा मागमूस उरू नये म्हणून. कोंबडीच्या अकरा अंड्यांतून नऊ पिल्लं पुढच्या आठवड्यात बाहेर पडली. पत्र्याच्या डबीला केसरबाई पुन्हा हात लावेना.

थेंबांची गोष्ट सुकरीला समजावणं सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी पाच थेंब, तीन वेळा. रोज एकेक थेंब वाढवायचा, तीस होईपर्यंत. डॉक्टर म्हणाले, दुधातून घे.

सुकरीनं केसरबाईकडे पाहिलं. पत्रू ओशाळून हसला. "आमच्याकडे दूध नाई पीत साहेब. दूध वासराचं."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "मग कशातून घेईल?"

"पेजेतून."

"पेजेतून चालेल."

थेंब मोजायचं पत्रूनं अंगावर घेतलं. त्यानं दवाखान्यातच पाण्यावर सराव केला, काचेच्या ड्रॉपरनं एकेक थेंब टाकत, आणि प्रत्येक थेंबाला एक चिंचोका बाजूला ठेवत. दहाव्यांदा एकही चुकला नाही तेव्हा श्रावणनं त्याला बाटली दिली. शेकायचंही सांगितलं, दिवसातून दोनदा, सोसेल इतक्या गरम फडक्यानं. ते ऐकून सुकरी केसरबाईला काहीतरी म्हणाली आणि केसरबाई हसली.

"म्हंते, मी तं आधीच सांगितलं होतं."

"खरंच सांगितलं होतं," श्रावण म्हणाला. "सांगा तिला, मी लिहून ठेवलं आहे तिच्या नावानं."

बाराव्या दिवशी बाजार नसताना दोघं आली. सुकरीचं नाक गळत होतं, डोळे लाल, तोंडात सारखी लाळ, आणि जिभेवर लोखंडाचा खिळा ठेवल्यासारखी चव. पत्रू घाबरला होता. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की हा औषधाचाच त्रास आहे. चार थेंब कमी करा, थांबवू मात्र नका. श्रावणनं तिचा हात उजेडात धरला. वरच्या तीन गाठी बसल्या होत्या. फुटलेल्या दोन कोरड्या पडल्या होत्या. त्यानं तिचंच बोट धरून तिला एकेक गाठ चाचपायला लावली. सुकरीनं वरून खाली बोट फिरवलं, मग खालून वर. मग पुन्हा एकदा.

महिन्याभरात रांग मोडली. कोपराशी काही राहिलं नाही. मनगटाशी फक्त काळे डाग. बोटाची जखम सगळ्यात हट्टी, ती मार्च अर्धा सरला तेव्हा मिटली. डॉक्टरांनी आणखी महिनाभर थेंब चालू ठेवायला लावले, कारण वरून दिसत नसली तरी आत कुठे चार कण दबून बसलेले असू शकतात.

मोहफुलांचा हंगाम ऐन भरात होता तेव्हा एका रविवारी श्रावण आणि केसरबाई सुकरीच्या गावाला गेले. बोलावलं असं कोणी नव्हतं. पत्रू फक्त बाजारात म्हणाला होता, फुलं पडून राह्यली, या. पहाटेच निघाले म्हणून ऊन चढायच्या आत पोचले. गावाबाहेर मोहाखाली सुकरी वाकून फुलं वेचत होती. उजव्या हातानं. शेजारी तीन-चार वर्षांची मुलगी, तिच्याच टोपलीत फुलं टाकणारी. मध्येच मुलगी दमली आणि आईच्या पाठीवर जाऊन पडली, तर सुकरीनं तिला तशीच पाठीवर घेऊन वेचणं चालू ठेवलं. त्या दोघांना पाहून तिनं "जोहार" केला आणि मोहाखालचं एक फडकं झटकून बसायला दिलं.

दुपारी तिच्या अंगणात जेवण झालं. भात, सुकलेल्या मासळीचा रस्सा, आणि मोहफुलं भाजून. घरातली सगळी एकाच जागी बसली होती. सुकरीचा द्रोण सगळ्यांच्या मधोमध होता. श्रावणच्या ते लक्षात आलं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तिसऱ्या खेपेला तू हात पुढे केलास म्हणून आज मी इथे जेवतो आहे, असं काहीतरी. पण ते माडियात कसं म्हणतात हे त्याला माहीत नव्हतं आणि केसरबाईला मध्ये घालून म्हणावंसं वाटेना. त्यानं आणखी भात मागितला. सुकरीनं ओंजळभर वाढला.

परतल्यावर त्यानं दोन पत्रं लिहिली. एक मॅडमना, काचेवर दिसलेल्या दोन्ही रूपांची चित्रं काढून. दुसरं सिंदेवाहीला, वडिलांना. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, शेजारचा कोणीतरी वाचून दाखवणार. म्हणून त्यानं सोपं लिहिलं: बाबा, तुम्ही मला शिकवलंत म्हणून एका बाईचा हात वाचला. मी ठीक आहे. मॅडमनी फार मदत केली, डॉक्टर चांगले आहेत, केसरबाई आईसारखी बघते. मला इथे काही कमी नाही.

त्या पावसाळ्याच्या तोंडाशी, नाल्याला पाणी यायच्या आधी, सुकरी पुन्हा दवाखान्यात आली. या वेळी पत्रू सोबत नव्हता. पलीकडच्या गावचा झिंगू नावाचा एक म्हातारा होता, काठी टेकत चालणारा. त्याच्या पायावर, घोट्यापासून नडगीवर, चार गाठी होत्या. तो व्हरांड्यात बसायलाही तयार नव्हता. पायरीखाली, सगळ्यांपासून लांब उभा होता.

"मी आणलं," सुकरी श्रावणला म्हणाली. "डरते तो."

मग ती पायरी उतरून झिंगूजवळ गेली आणि त्याच्याशी बोलू लागली. श्रावणला त्यातले दोन-चार शब्द कळले, बाकी नाही. तिनं आपला हात बाहेर काढून त्याला डाग दाखवले, बोटाची जखम दाखवली, हवेत थेंब टाकल्यासारखी चिमूट हलवली, नाक गळण्याची नक्कल केली. म्हातारा आधी मान हलवत होता, मग ऐकू लागला, मग एकदम हसला. बराच वेळ ती बोलत होती. केसरबाई दारात उभी राहून ऐकत होती.

"काय सांगून राह्यली?" श्रावणनं विचारलं.

"सगळं. एकदा बिघडते म्हंते, मंग दुसऱ्यांदा बराबर होते. घाबरू नको म्हंते, हा पोरगा खरं सांगते."

श्रावण आत गेला. खिडकी लावून घेतली, तार ज्योतीवर धरली. बाहेर सुकरी झिंगूला हाताला धरून एकेक पायरी चढवत होती.